मेट्रोनिडाझोल: तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची का, आणि मागून दुसरी गोळी कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा. आव-रक्त पडत होतं, शौच तपासणीत अमिबा सापडला, डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल ७ दिवस आणि ते संपल्यावर डायलोक्सानाइड १० दिवस लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. पण तोंडात सारखी लोखंडासारखी चव येते, मळमळतं, लघवी गडद होतेय, नेटवर वाचलं की याने कॅन्सर होतो. तर आता बंद केलं तर चालेल का, दुसरं औषध खरंच लागतं का, आणि दारूचं काय.

सरळ उत्तर आधी देतो: बंद करू नका, दुसरं औषध लागतंच, आणि दारू तेवढे दिवस राहू द्या. आता का ते सांगतो, कारण नुसतं "कोर्स पूर्ण करा" म्हटलं की कोणी ऐकत नाही हे इतकी वर्षं ओपीडीत बसून कळलंय.

मेट्रोनिडाझोल हे गंमतीशीर औषध आहे, म्हणजे पोटात गेलेली गोळी स्वतः फार काही करत नाही. ते आपल्या पेशींत शिरतं, अमिबाच्या पेशीतही शिरतं, कुठेही आडकाठी नाही. फरक आत गेल्यावर पडतो. अमिबा, जिआर्डिया, ट्रायकोमोनास ही मंडळी जवळजवळ ऑक्सिजनशिवाय जगतात आणि ऊर्जा तयार करायची त्यांची एक वेगळी एन्झाइमची यंत्रणा असते, तिच्यातले इलेक्ट्रॉन या औषधाच्या नायट्रो ग्रुपवर, म्हणजे त्याच्या रेणूच्या एका भागावर, जाऊन बसतात आणि तिथून पुढे औषधाचे असे तुकडे होतात की ते जंतूचा डीएनएच तोडून टाकतात. म्हणजे जंतू स्वतःच औषधाला विष करून घेतो. आपल्या पेशींत ती यंत्रणा नाही, शिवाय ऑक्सिजन हजर असतो, तो तो इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि औषध जसं होतं तसं परत होतं.

याच कारणाने ते ऑक्सिजन नको असलेल्या बॅक्टेरियांवरही चालतं, आणि हे कळलं ते अगदी योगायोगाने. मूळ धागा जपानमधला, १९५३ मध्ये तिथे मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जंतूपासून अ‍ॅझोमायसिन नावाचा पदार्थ वेगळा काढला होता, त्यावरून फ्रान्समधल्या रोन-पूलांक कंपनीने मेट्रोनिडाझोल बनवलं आणि १९५९ च्या सुमारास ते फक्त ट्रायकोमोनाससाठी, म्हणजे बायकांच्या अंगावर पांढरं जाण्याच्या एका प्रकारासाठी, वापरात आलं. १९६२ मध्ये लंडनच्या शिन नावाच्या डेंटिस्टने नोंदवलं की ट्रायकोमोनाससाठी हे औषध घेणाऱ्या एका बाईच्या सडलेल्या हिरड्याही बऱ्या झाल्या. म्हणून आज हीच गोळी दातांचे डॉक्टरही देतात आणि सर्जनही देतात, "मला तर जुलाबाची गोळी दिली" म्हणून बुचकळ्यात पडायचं कारण नाही.

पण प्रोटोझोआवरचं, म्हणजे अमिबासारख्या एकपेशीय जंतूंवरचं, औषध म्हणून सगळ्याच प्रोटोझोआवर चालेल असं मात्र नाही हं. मलेरियाचा जंतू पण प्रोटोझोआच, त्याच्यावर याचा काही उपयोग नाही. टॉक्सोप्लाझ्मा, लीशमॅनिया यांच्यावर नाही. क्रिप्टोस्पोरिडियमच्या जुलाबाला नायटाझोक्सानाइड वापरतात, सायक्लोस्पोराला को-ट्रायमॉक्साझोल. तेव्हा "जंतूंची गोळी" म्हणून घरात पडलेली पाकिटं कशालाही वापरायची नसतात.

आता मुख्य मुद्दा, औषध पोचतं कुठे. गोळी तोंडाने घेतली की जवळजवळ सगळीच्या सगळी लहान आतड्यात शोषली जाते, इतकी की सलाइनमधून दिलं काय आणि तोंडाने दिलं काय, रक्तात जवळपास तेवढंच मिळतं. रक्तातून ते सगळीकडे जातं, आतड्याच्या भिंतीत, लिव्हरमध्ये, पू झालेल्या जागेत, मेंदूतसुद्धा. पण मोठ्या आतड्याच्या पोकळीत, जिथे मल असतो तिथे, फारच थोडं उरतं. आणि अमिबा राहतो दोन ठिकाणी. एक भाग भिंतीत शिरून तिथे अल्सर करतो, त्यानेच आव-रक्त पडतं. दुसरा भाग पोकळीत बसून असतो आणि तिथेच सिस्ट तयार करतो, म्हणजे कवच घातलेलं, निवांत रूप, जे मलातून बाहेर पडतं आणि दुसऱ्याच्या पोटात जातं. मेट्रोनिडाझोल पहिल्या भागाला झोडपतं म्हणून तिसऱ्या दिवशी तुम्हाला बरं वाटलं. दुसरा भाग बऱ्याच जणांत तसाच राहतो, नुसतं मेट्रोनिडाझोल किंवा त्याच जातीचं टिनिडाझोल घेतलेल्या ४० ते ६० टक्के लोकांच्या आतड्यात जंतू शिल्लक राहू शकतो असं हे उपचार अभ्यासलेले लोक सांगतात. हे लोक काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत येतात आणि म्हणतात डॉक्टर, मागचं औषध लागू पडलं नाही. अहो लागू पडलं होतं, पण अर्ध्याच जागेत.

त्या उरलेल्या जागेसाठी डायलोक्सानाइड. ५०० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा, १० दिवस. याने फार काही त्रास होत नाही, गॅस मात्र होतो, थोडा जास्तच होतो, ते गृहीत धरा. काही ठिकाणी त्याऐवजी पॅरोमोमायसिन देतात, ते आतड्यातून शोषलंच जात नाही म्हणून पोकळीत छान काम करतं, पण त्याने स्वतःच जुलाब होऊ शकतात, म्हणून ते मेट्रोनिडाझोलच्या बरोबरीने न देता मागून दिलेलं बरं, नाहीतर जुलाब आजाराचे की औषधाचे हेच समजत नाही. तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही लिहून दिलीत म्हणजे त्यांनी नीट विचार केलाय. खरं सांगायचं तर दुसरी चिठ्ठी लिहायलाच विसरतात असं मी जास्त बघतो.

आता उलटी बाजू पण सांगतो. कुणाला काही त्रास नाही, सहज तपासणी केली आणि रिपोर्टमध्ये "सिस्ट दिसले" एवढंच आलं, तर त्याला मेट्रोनिडाझोलचा कोर्स देण्यात अर्थ नाही, लागलंच तर फक्त डायलोक्सानाइडसारखं औषध. आणि बरेचदा तेही लागत नाही, कारण एन्टामिबा डिस्पार नावाचा एक निरुपद्रवी भाऊ आहे जो मायक्रोस्कोपखाली हुबेहूब एन्टामिबा हिस्टोलिटिकासारखाच, म्हणजे आजार करणाऱ्या अमिबासारखाच, दिसतो. हे दोघे वेगळे आहेत हे रीतसर मान्य झालं १९९३ मध्ये, त्याआधी सगळ्यांना एकाच मापाने औषधं दिली जात होती. वेगळं ओळखायचं तर अँटिजेन टेस्ट (जंतूचं प्रथिन शोधणारी) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी) करावी लागते.

मायक्रोस्कोपवरून जवळजवळ खात्रीने सांगता येतं ते एकाच परिस्थितीत, जेव्हा जिवंत अमिबाच्या पोटात रक्तातल्या लाल पेशी गिळलेल्या दिसतात. ताजा, कोमट नमुना असेल तर ते बघायला फार भारी वाटतं, काचपट्टीवर एक पारदर्शक बोट हळूच पुढे येतं, मग मागचं सगळं दाणेदार अंग त्याच्यात ओतलं जातं, मग पुन्हा बोट, असा तो एकाच दिशेने सरकत जातो आणि आत त्या गोल गोल लाल पेशी हलताना दिसतात. अर्धा तास गेला, नमुना गार झाला की हाच अमिबा आक्रसून गोल होतो आणि पांढऱ्या पेशीसारखा दिसायला लागतो, मग एक तर रिपोर्ट "काही नाही" असा येतो किंवा पांढऱ्या पेशीलाच अमिबा ठरवलं जातं. म्हणून सकाळी डबीत धरून ठेवलेला नमुना दुपारी नेऊन दिला तर त्या रिपोर्टवर माझा फारसा विश्वास नसतो. तुमच्या रिपोर्टमध्ये लाल पेशी गिळलेले ट्रोफोझोइट (म्हणजे अमिबाचं हे जिवंत, हलणारं रूप) असं लिहिलं असेल तर निदान जवळजवळ पक्कं समजा.

डोसबद्दल. मोठ्या माणसाला आतड्यातल्या अमिबासाठी ५०० ते ७५० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा, ७ ते १० दिवस. तीन वेळा का, तर औषध रक्तात साधारण ८ तासांत निम्मं होतं. टिनिडाझोल १२ ते १४ तास टिकतं म्हणून ते २ ग्रॅम दिवसातून एकदाच, ३ दिवस घेऊन भागतं, लोकांना ते सोपं जातं आणि मळमळही बऱ्याच जणांना कमी होते, उपलब्ध असेल तर मी स्वतः तेच आधी विचारात घेतो. पण तुमचं एक सुरू आहे ना, आता मध्येच बदलू नका. जिआर्डियाला डोस कमी असतो, २५० मिलिग्रॅम ३ वेळा, ५ ते ७ दिवस, किंवा टिनिडाझोल २ ग्रॅम एकदाच. ट्रायकोमोनासमध्ये जोडीदारालाही औषध द्यावंच लागतं, त्याला काही त्रास नसला तरी, नाहीतर तो जंतू घरातल्या घरात फिरत राहतो. लहान मुलांचा डोस वजनावर, तो इथे विचारून देऊ नका, मुलाला बघणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा. एखादी गोळी विसरलात तर आठवल्यावर घ्या, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या, दोन एकदम नको.

मुलांच्या पातळ औषधाबद्दल एवढं लक्षात ठेवा की त्यात मेट्रोनिडाझोल बेंझोएट असतं, ते कडू लागत नाही म्हणून वापरतात, पण ते खाण्याच्या साधारण तासभर आधी द्यावं, आणि बाटली नीट हलवून, कारण औषध तळाला बसतं. न हलवता दिलं तर पहिले दोन दिवस पाणी आणि शेवटच्या दिवशी दणकट डोस असा प्रकार होतो. मोठ्यांच्या साध्या गोळीचं उलट आहे, ती खाल्ल्यावर किंवा खाताखाता घ्या, शोषण कमी होत नाही आणि मळमळ बरीच आटोक्यात येते. भरपूर पाणी घ्या, चावू नका, जिभेवर रेंगाळली तर अर्धा दिवस तोंड कडू राहील.

तुमच्या त्रासांकडे येतो. लोखंडाची चव: औषध लाळेतून बाहेर येतं म्हणून चूळ भरून जात नाही, गोळ्या संपल्यावर आपोआप जाते. जिभेवर पांढरा थर येऊ शकतो, बायकांना खाज आणि दह्यासारखा स्राव होऊ शकतो, ते बुरशीचं असतं, वेगळं औषध लागतं, मेट्रोनिडाझोल फुकट गेलं असा अर्थ नाही. गडद, तांबूस लघवी: औषध लिव्हरमध्ये मोडून त्याचे रंगीत तुकडे लघवीतून जातात, निर्धास्त रहा. फक्त डोळे पिवळे दिसले किंवा शौच पांढुरकं व्हायला लागलं तर ती गोष्ट वेगळी, मग लगेच दाखवा. आणि जुलाबाने पाणी कमी पडलं तरी लघवी गडद होते, तेव्हा पाणी, ओआरएस चालू ठेवा.

कॅन्सरचं म्हणाल तर, उंदरांना दीर्घकाळ, मोठ्या प्रमाणात दिलं तेव्हा गाठी झाल्या हे खरं आहे, म्हणून औषधाच्या कागदावर तशी सूचना असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते "शक्यता आहे" अशा गटात ठेवलंय. माणसांत छोट्या कोर्सने कॅन्सर झाल्याचा ठोस पुरावा इतक्या दशकांच्या वापरात मिळालेला नाही. हेच औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. रक्त पडणारा अमिबा तसाच ठेवला तर आतड्याला भोक पडू शकतं, त्यापुढे ही भीती अगदी किरकोळ. मात्र या सूचनेचा अर्थ एवढा जरूर घ्या की उगाच, गरज नसताना घेऊ नये.

मला खरी काळजी वाटते ती मज्जातंतूंची. पायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं, बोलताना जीभ अडखळणं, झटका, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन. सात दिवसांत हे सहसा होत नाही, महिनाभर किंवा त्याहून जास्त घेतलेल्यांत होतं. माझ्याकडे एक गृहस्थ पायाची आग होते म्हणून आले होते, शुगर नॉर्मल, बी-१२ नॉर्मल, सगळं नॉर्मल. मग खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली त्यात मेट्रोनिडाझोलची अर्धवट स्ट्रिप. पोट जरा बिघडलं की दोन गोळ्या, बरं वाटलं की बंद, परत बिघडलं की परत दोन, असं वर्षानुवर्षं चाललेलं, त्यांच्या हिशोबाने तर ते "औषध घेतच नव्हते". बंद केल्यावर हळूहळू आग कमी झाली, पण अंगठे बधिर ते बधिरच राहिले. त्यांचं पोट बिघडत होतं ते अमिबाने नाहीच, आयबीएस होता, म्हणजे जंतूशिवाय आतड्याच्या कामातच बिघाड.

हे फार कॉमन आहे, म्हणून जरा स्पष्ट बोलतो. साधे पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, आव नाही, बहुतेक वेळा व्हायरसचे असतात आणि दोन-तीन दिवसांत थांबणारच असतात. तुम्ही गोळी घेता, जुलाब थांबतात, श्रेय गोळीला. त्यात एकाच गोळीत ओफ्लोक्सासिन किंवा नॉरफ्लोक्सासिन आणि सोबत याच जातीचं एखादं औषध असे जोडपॅक मिळतात, ते म्हणजे अंधारात दोन दगड मारण्याचा प्रकार, मला अजिबात पटत नाही. अशा जुलाबात जीव वाचवतं ते ओआरएस, आणि लहान मुलांत सोबत झिंक.

दारू. वर्षानुवर्षं सांगत आलोय की या गोळीबरोबर दारू घेतली तर चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या असं होतं, म्हणून गोळी चालू असेपर्यंत आणि नंतर २ ते ३ दिवस नको. अलीकडे यावर शंका घेतली गेलीय, २००२ मध्ये फिनलंडमध्ये निरोगी पुरुषांवर प्रयोग केला त्यात तसं काही आढळलं नाही, आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात तर ट्रायकोमोनासच्या उपचारात दारू टाळायची गरज नाही असंच म्हटलंय. तरी औषधाच्या कागदावर मनाई आहेच, आणि तुमच्या आतड्याला आत्ता अल्सर आहेत, लिव्हरवर अमिबाचा डोळा आहे, तेव्हा हा वाद तुम्ही स्वतःवर प्रयोग करून सोडवायची गरज नाही.

दुसरी औषधं चालू असतील तर ती मात्र नक्की सांगा. वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, चालू असेल तर मेट्रोनिडाझोलने तिचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) लगेच बघावा लागतो. लिथियम, म्हणजे मानसिक आजारावरची गोळी, चालू असेल तर तिची रक्तातली पातळी वाढते. दारू सोडायची डायसल्फिरॅम गोळी मागच्या दोन आठवड्यांत घेतली असेल तर हे औषध नकोच, भ्रम होऊ शकतो. लिव्हर खूप खराब असेल तर डोस कमी करावा लागतो. गरोदर असाल, विशेषतः पहिले तीन महिने, तर डॉक्टरांशी बोलूनच, बाळात दोष झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही पण थांबण्यासारखं असेल तर थांबतात. अंगावर पाजणाऱ्या आईला २ ग्रॅमचा एकदम डोस दिला तर १२ ते २४ तास अंगावरचं दूध न देणं चांगलं.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही. पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ताप, थंडी, उजव्या बरगडीखाली दुखणं, खोल श्वास घेतला की किंवा उजव्या कुशीवर झोपलं की जास्त दुखणं असं काही झालं तर लिव्हरमध्ये अमिबाचा गळू झालाय का ते बघायला हवं. जुलाब असायलाच हवेत असं नाही, बहुतेकांना त्यावेळी नसतातच, शौच तपासणीही नॉर्मल येते, म्हणून तिच्या भरवशावर न राहता सोनोग्राफी करा. औषध तेच, मेट्रोनिडाझोल ७५० मिलिग्रॅम ३ वेळा, ७ ते १० दिवस, तीन-चार दिवसांत ताप उतरायला लागतो, आणि त्यानंतरही डायलोक्सानाइड किंवा पॅरोमोमायसिन द्यायचंच. गळू खूप मोठा असेल, फुटण्याच्या बेतात असेल किंवा औषधाने फरक पडला नाही तरच सुई घालून काढायचा. बरं झाल्यावरही सोनोग्राफीत ती पोकळी कित्येक महिने दिसत राहते, तिच्याकडे बघून घाबरून मेट्रोनिडाझोल महिनोन्‌महिने चालू ठेवलेले पेशंट मी पाहिलेत, मग पायाला मुंग्या घेऊन येतात. ताप नाही, दुखणं नाही, भूक लागतेय, वजन वाढतंय तर त्या पोकळीला तिच्या वेळेने भरू द्या.

आणि गोळ्या नीट घेऊनही आव-रक्त परत सुरू झालं तर तिसऱ्यांदा तोच कोर्स मागू नका, कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, करून बघायला सांगा. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे जंतूशिवाय मोठ्या आतड्याला सूज आणि अल्सर होण्याचा आजार, अगदी असाच दिसतो. उलटही होतं, अमिबाला कोलायटिस समजून स्टेरॉइड सुरू होतात आणि आतडं फाटायची वेळ येते, म्हणून स्टेरॉइड देण्याआधी अमिबा नाही याची खात्री हवी.

तर तुमच्यापुरतं: उरलेले चार दिवस मेट्रोनिडाझोल खाल्ल्यावर घ्या, लगेच पुढे १० दिवस डायलोक्सानाइड. ते संपल्यावर दोनेक आठवड्यांनी ताजा शौच नमुना द्या, शक्यतो अँटिजेन टेस्टसाठी. घरातल्या बाकीच्यांनाही ती टेस्ट करायला सांगा, कोणी गुपचूप सिस्ट टाकत असेल तर तुम्हाला परत होणार. हात साबणाने धुवा, सॅनिटायझरवर भिस्त नको, सिस्टचं कवच त्याला आणि पाण्यात नेहमी टाकतात तेवढ्या क्लोरीनलाही दाद देत नाही, पाणी उकळूनच प्या.